नवी पुस्तके आणि आपल्या घरचा वाचक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शिंपी समाजाच्या या वार्षिक संमेलनात नव्या पुस्तकांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही टीकाकार नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. मंडळाच्या खोलीतील दोन कपाटांच्या किल्ल्या आमच्याकडे आहेत आणि दर रविवारी सकाळी दहा ते बारा तेथे बसून पुस्तकांच्या देवघेवीची वही आम्ही लिहितो. एवढाच काय तो आमचा अधिकार. परंतु याच वर्षी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे की, गुणगौरव समारंभात मुलांस पुस्तके देण्याची प्रथा बंद करावी आणि तेवढ्याच रकमेचे पाकीट द्यावे; कारण हल्ली पुस्तके कोणी वाचीत नाही. या 'कोणी वाचीत नाही'बद्दल आमच्या वहीचे म्हणणे काय आहे, ते तरी सभेपुढे यावे, म्हणून आम्ही उभे राहिलो आहोत.

सूचना करणारांवर आमचा राग नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच कबूल करतो. आपण आजवर वाटलेली पुस्तके गठ्ठ्याने आणि सवलतीने घेतलेली असत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला तेच, कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलेल्या मुलाला तेच आणि चौथीतल्या पोरालाही तेच. दोन वर्षांपूर्वी मंडळाचा शिक्का असलेले एक पुस्तक आम्हांस रद्दीच्या दुकानात सापडले. पहिली चार पानेसुद्धा सुटी झालेली नव्हती. ते आम्ही विकत घेऊन कपाटात परत ठेवले. अद्याप ते कोणी नेलेले नाही. तेव्हा दोष द्यायचा तर तो वाचकाला द्यावा की निवडणाराला, हा प्रश्न उरतोच.

आता वहीकडे वळू. गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही जी नवी पुस्तके आणली, त्यांत सर्वाधिक हिंडलेले पुस्तक म्हणजे श्री. देवीदास सौदागर यांची 'उसवण' ही कादंबरी. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखक तुळजापूरचे, त्यांनी स्वतः शिवणकाम केलेले आहे आणि कादंबरीही शिवणकाम करणाऱ्याचीच आहे. तयार कपड्यांचा माल बाजारात आला, गिऱ्हाईक तिकडे वळले आणि यंत्रावर बसलेल्या माणसाचा हात हळूहळू रिकामा होत गेला, ही तिची कथा. आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना ही कथा कोणी सांगायला नको. दिवाळीच्या आधी महिनाभर रात्री दोन दोनपर्यंत चालणारी यंत्रे आपण पाहिली आहेत. नवीन काम घेणे बंद झाल्याची पाटी दुकानावर लावण्याचा अभिमान आपल्या वडिलांनी मिरवला आहे. त्याच दुकानांत पुढे पिको, फॉल आणि चेन बदलणे एवढेच काम उरले, हेही आपणच पाहिले. शाळांचे गणवेशदेखील ठेक्याने बाहेरून शिवून येऊ लागले, तेव्हा जून महिन्याचाही आधार गेला. पण हे सारे आपण एकमेकांच्या ओट्यावर बसून बोललो. ते छापील पुस्तकात येण्याजोगे आहे, असे आपल्याला कधी वाटले नाही.

आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी हे पुस्तक नेले. नाव सांगत नाही, ते सभेत बसले आहेत. उभा जन्म शिलाईत गेलेला, आणि आता तयार कपड्यांच्या एका दुकानाच्या पायरीशी यंत्र मांडून ते नव्या विजारींची उंची कमी करून देतात. शाळा सातवीपर्यंत. पुस्तक नेताना म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढलाय, होईल तेवढं वाचतो." तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी हात हलवीत आले. पुस्तक कोठे, असे विचारताच म्हणाले, "राहू द्या अजून थोडे दिवस. नाव मात्र त्यानं बरोबर ठेवलंय. कापड फाटलं तर आवाज होतो, मास्तर. शिवण उसवली तर होत नाही." पुढे त्यांनी लेखकाची एक चूकही काढायचा प्रयत्न केला, टिपेवरून काही मुद्दा होता, मग स्वतःच म्हणाले, "नाही, त्यांच्याकडं तसंच करीत असतील." ज्याचा धंदा त्यानेच परीक्षण करावे, यापरते परीक्षण आम्ही तरी कोठल्या मासिकात वाचलेले नाही.

दुसरी कादंबरी श्री. कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. लेखक कोल्हापूरकडचे. धरणामुळे गाव उठते, माणसे नव्या वसाहतीत येतात, आणि मागे राहिलेल्या म्हशीसाठी एक माणूस पुन्हा त्या ओसाड गावाकडे जातो. म्हैस आता पूर्वीची राहिलेली नाही. रानाने तिला आपलीशी केली आहे. एवढ्याशा धाग्यावर ही कादंबरी उभी आहे. भाषा तिकडची, बोलीची. पहिली वीस पाने आमच्याही जिभेवर नीट बसली नाहीत, हे सांगितले पाहिजे. आम्हांस वाटले होते, ही कपाटातच राहील.

ती राहिली नाही, याचे कारण भीमेचे पाणी. आपल्या सभासदांत काही कुटुंबे मूळची भीमाकाठची आहेत. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि त्यांची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. त्या गर्दीत आपल्याही काही आजीबाई असतात. अशाच एका घरातील सूनबाईंनी 'रिंगाण' नेली आणि रोज थोडी थोडी सासूबाईंना वाचून दाखविली. पुस्तक परत देताना सासूबाई स्वतः आल्या. त्यांचे बोलणे आम्ही विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "शेतकऱ्याची जमीन गेली, तिची कुठं तरी नोंद झाली. आमची जमीन नव्हतीच. आमचं गेलं ते गिऱ्हाईक. अर्धं गाव इकडं टाकलं, अर्धं तिकडं. पन्नास घरांची मापं मामंजींच्या डोक्यात होती, ती मापं घेऊन जायचं कुठं?" धरणावर मोठाले ग्रंथ झाले असतील; परंतु शिवणाऱ्याच्या डोक्यातील मापांची भरपाई कोणी मोजली नाही, ही गोष्ट आम्हांस एका म्हशीच्या कादंबरीमुळे कळली. कादंबरीत शिंपी आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. आजींनी आपली म्हैस त्यात शोधली.

आता आत्मचरित्रांविषयी. हा प्रकार आपल्या घरांत पूर्वीपासून आवडीचा. कै. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले, तेव्हा त्यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' पुन्हा मागितले जाऊ लागले. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे अशी ती चार नगरे. विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी ते आवर्जून नेले. मुलांनी किती वाचले, ते पालकांस ठाऊक. याउलट श्री. शरद बाविस्कर यांचे 'भुरा' हे आत्मकथन पालकांनी नेलेच नाही; ते मुलांनी नेले आणि मुलांनीच मुलांना दिले. ते २०२१ साली प्रसिद्ध झाले. धुळे जिल्ह्यातील खेड्यातला मुलगा, दहावीला इंग्रजीत नापास झालेला. तोच पुढे भाषांच्या मागे लागला आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात फ्रेंचचा प्राध्यापक झाला. आमच्या वहीत या पुस्तकापुढे सात-आठ नावे आहेत. त्यांतील तीन मुले अशी की, ज्यांचे नाव आपल्या गुणगौरवाच्या यादीत कधी आले नाही आणि येण्याचा संभवही नव्हता.

येथे थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. आपण व्यासपीठावर बोलावतो ते नव्वद टक्क्यांच्या मुलांना. ते योग्यच आहे. परंतु नापास झालेले मूल त्या दिवशी संमेलनाला येतच नाही. त्याची आई येते, मागच्या रांगेत बसते आणि जेवण झाले की लवकर जाते. त्या तीन मुलांपैकी एकाने 'भुरा' परत करताना आम्हांस विचारले, "हा खरंच नापास झाला होता? का नुसतं लिहायला?" आम्ही सांगितले, खरेच. त्याने मान हलविली आणि पुढचे पुस्तक न घेताच गेला. पुढे त्याने परीक्षा दिली की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. पुस्तकाने पोर सुधारले अशी गोष्ट सांगावयास आम्ही आलेलो नाही.

स्त्रियांकडून ज्या पुस्तकाला मागणी आली, ते ना कादंबरी ना कथा. डॉ. तारा भवाळकर यांचे 'सीतायन'. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन झाले, त्याच्या त्या अध्यक्षा. लोकपरंपरेने सीतेचे दुःख कसे सांगितले आणि तिच्या तोंडी कोणते प्रश्न घातले, याचा हा अभ्यास आहे. नावाने अभ्यास, परंतु जात्यावर ज्यांच्या आज्या गायल्या, त्यांना तो अभ्यास वाटत नाही. दुपारी साड्यांना फॉल लावण्याच्या कामासाठी एका घरी पाचसहा जणी जमतात, तेथे हे पुस्तक महिनाभर होते. एक वाचीत असे, बाकीच्यांचे हात चालत असत. मध्येच कोणी म्हणे, आमच्या आजीची ओवी याहून निराळी होती. की वाचन थांबून ती ओवी म्हटली जाई. त्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या आहेत काय, असे आम्ही विचारले. वही आणली आहे, इतके उत्तर मिळाले.

वहीवरून आठवले. मुलांसाठी आणलेल्या पुस्तकांत डॉ. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' सर्वांत चालली. २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार तिला मिळाला होता. मुलीने लिहिलेल्या रोजनिशीचे रूप तिला आहे. ती वाचून चार मुलींनी वह्या घातल्या. तिघींनी आठवड्यात सोडल्या. चौथीची चालू आहे आणि ती कोणालाही दाखवीत नाही. बाकी बालवाङ्मय आले तसे गेले, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

काही पुस्तकांचे मात्र जमले नाही, तेही सांगितले पाहिजे. कै. नंदा खरे यांची 'उद्या' आम्ही हौसेने आणली. येऊ घातलेल्या समाजाचे अप्रिय चित्र तिच्यात आहे. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो विनयाने नाकारला. पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेल्या आपल्या एका तरुणाने ती एका बैठकीत वाचली. बाकी दोघांनी अर्ध्यावर परत केली. श्रीमती अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' हा पुरस्कारप्राप्त कवितासंग्रह एकदाच बाहेर गेला. कविता लोकांना नको आहे असे आम्ही म्हणणार नाही. कविता कपाटातून न्यावी लागते तेव्हा नको असते, आणि कोणी म्हणून दाखविली की हवी असते, असा आमचा अनुभव. डॉ. सुधीर रसाळ यांचा 'विंदांचे गद्यरूप' हा समीक्षाग्रंथ २०२४ च्या पुरस्काराचा. तो आम्ही स्वतःच दोनदा घरी नेला आणि दोन्ही वेळा निम्मा वाचून आणला. तिसऱ्यांदा नेणार आहोत.

तेव्हा आमच्या वहीचे म्हणणे असे. पुरस्काराने पुस्तक आमच्या कपाटापर्यंत येते, पण घरापर्यंत जात नाही. कादंबरी, चरित्र, अभ्यास हे भेदही वाचणाराला फारसे ठाऊक नसतात. आपल्या घरातले काहीतरी त्यात आहे, याचा सुगावा त्याला लागावा लागतो. मग सातवी शिकलेला माणूस चष्म्याची तक्रार करीत का होईना, शेवटच्या पानापर्यंत जातो. हा सुगावा पाकिटात घालून देता येत नाही, आणि, हेही खरे, गठ्ठ्याने घेतलेल्या पुस्तकांतही नसतो.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती इतकीच की, पुस्तकांची रक्कम पाकिटांत घालण्याआधी एक वर्ष ती आमच्याकडे द्यावी. समारंभाआधी दोन महिने मुलांची नावे कळवावीत. प्रत्येकाच्या घरी जाऊन, मूल काय करते आणि घरात काय चालते, हे पाहून आम्ही एकेक पुस्तक निवडू. ज्यांना चष्म्याने वाचणे जड जाते किंवा ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात, त्यांच्यासाठी ऐकण्याची पुस्तकेही आता निघाली आहेत. त्यांची व्यवस्था तरुण मंडळींनी अंगावर घ्यावी, आम्हांस ते यंत्र समजत नाही. आणि यादीत नसलेल्या मुलांचीही नावे द्यावीत. त्यांची पुस्तके व्यासपीठावरून देण्याची गरज नाही, आम्ही घरी नेऊन देऊ. वर्षाअखेरीस वही सभेपुढे ठेवू. ती पाहून मग पाकिटाचा ठराव करावयाचा तर खुशाल करावा.

जाता जाता एक. 'उसवण'ची आमची पहिली प्रत अद्याप परत आलेली नाही. ती त्या पायरीवरच्या यंत्राच्या खणात, तेलाच्या कुपीशेजारी आहे, हे आम्ही पाहिले आहे. वहीत 'परत' या रकान्यात रेघ मारली आहे आणि दुसरी प्रत आणली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी पुढच्या रविवारी यावे. कपाट दहा वाजता उघडते.