वर्ग सहा वाजताच का?
(अमरावती येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षणावर चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. परंतु विद्येची थोरवी गाण्याचा आमचा विचार नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या मुलांकरिता शाळा व वसतिगृहे उभारली, त्या वऱ्हाडात ती नव्याने सांगावयास नको. आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्याच एका फसलेल्या उपक्रमाविषयी.

आपल्या मंडळाने अकोल्यास सायंकाळचा अभ्यासवर्ग काढला, हे आपणांस ठाऊक आहेच. बाके आली, पंखे आले, दात्यांच्या नावांची पाटी लागली. दिवाळीपर्यंत वर्ग निम्म्याहून अधिक रिकामा झाला. पालक उदासीन आहेत व मुलांस मोबाइलचे वेड लागले आहे, असा निष्कर्ष कार्यकारिणीत निघाला. मग हजेरीस बक्षीस ठेवले. मुले आठवडाभर आली, बक्षिसाची वही घेतली आणि पुन्हा दिसेनाशी झाली. हा निष्कर्ष काढणाऱ्यांत आम्हीही होतो.

पुढे एका बैठकीत एका निवृत्त शिक्षिका भगिनींनी विचारले, "वर्ग सहा वाजताच का?" कोणासही उत्तर देता येईना. आम्हां संचालकांची कामे सहास आटोपतात, एवढेच त्याचे कारण होते!

तेव्हा घरोघर जाण्याचे ठरले. उपदेश करावयाचा नाही, केवळ पाहावयाचे व ऐकावयाचे, अशी त्या भगिनींची अट होती. आम्ही गेलो त्या वस्तीत नळाचे पाणी रोज येत नसे, आणि येई ते बहुधा सायंकाळी. एक मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन हंड्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "मी तठी आली तं घरचं पानी कोन भरीन, काकाजी?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसरा एक मुलगा दिवाळीनंतर कापूस वेचणीकरिता आईबरोबर गावी गेला होता. परतला तेव्हा वर्ग अपूर्णांक संपवून पुढे गेलेला. न समजता बसण्याची लाज वाटून त्याने येणेच सोडले. ज्यास आम्ही आळशी म्हणत होतो, तो मुलगा असा होता.

ज्याच्याकरिता वस्तू करावयाची त्याचे जगणे आधी पाहावे, अडचण नेमकी कोणती ते ठरवावे, मग थोडक्या खर्चात काही करून पाहावे, चुकल्यास मोडून पुन्हा करावे, या रीतीस हल्ली डिझाइन थिंकिंग म्हणतात; आपण तिला रचनाविचार म्हणू. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ती शिकविण्यास स्वतंत्र संस्था आहे. नाव नवे असले तरी रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा एक धागा याच नगरीशी जुळलेला आहे.

ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहिल्या होत्या. पुढे भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती खेड्यास परवडणारी नव्हती. 1945 साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीस काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि शिंपले, बिया, खडे, पाने हीच तेथे शिक्षणाची साधने झाली. परंतु साधने होऊनही गरीब पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात. या बायांनी पालकांस दोष दिला नाही. त्या बालवाडीच उचलून पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या, तीच अंगणवाडी. 1957 पासून काम कोसबाडच्या टेकडीवर सुरू झाले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात. तर शाळा कुरणात गेली; ती कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्यास सांभाळते म्हणून शाळेस मुकते, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. 1975 साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोहोचले. मुलाकडे पाहण्याची ती दृष्टी तितकी पोहोचली काय, याविषयी आमच्या मनात शंका आहे.

मात्र कोसबाडची नक्कल करून भागणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील मेळघाट पाहा. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. घरी कोरकू बोलणारे मूल पहिल्या दिवशी मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा ते गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यास आपण मंदबुद्धी म्हणून मोकळे होतो. त्याची अडचण पाण्याची वा गुरांची नाही, भाषेची आहे. तेथील शाळेची रचना त्यावरून निघाली पाहिजे.

अकोल्यास पुढे काय झाले, हे आपण विचाराल. वर्ग सकाळी नेला. बाके भिंतीस लावून सतरंज्या टाकल्या. धाकटी भावंडे आणण्यास मोकळीक दिली. प्रारंभी गोंगाट इतका झाला की शिकविणारे कंटाळले. मग लहानांसाठी बाजूची ओसरी घेतली आणि दोन आजीबाई तेथे बसू लागल्या. वेचणीहून परतलेल्या मुलांसाठी मागील धडे पुन्हा घेण्यास एक वार राखून ठेवला. ती पाणी भरणारी मुलगी आता भावासह येते. तो अपूर्णांकांत अडलेला मुलगा मात्र आला नाही. त्याच्याकडे आम्ही दोनदा जाऊन आलो.

आज आपल्यापुढे अमरावतीच्या नव्या वर्गाकरिता बाके व कपाटे घेण्याचा ठराव आहे. देणगीदारांची नावेही ठरली आहेत, आणि त्यांच्या औदार्याविषयी आम्हांस आदरच आहे. तरी आमची विनंती अशी की, हा ठराव एक महिना लांबणीवर टाकावा. तोवर आपणांपैकी दहा जणांनी, त्यांत निदान पाच भगिनींनी, मुलांच्या घरी जाऊन यावे आणि दिसले ते लिहून आणावे. चिटणिसांच्या टेबलावर कोरी वही ठेवलेली आहे. तीत पहिले नाव आम्ही आमचेच लिहिले आहे.