गावाची आर्थिक तब्येत कशी मोजायची?

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



जेवणानंतर आकडेमोड म्हणजे झोपेला आमंत्रणच! पण आजचा विषय आपल्या नोकरीचा आणि घराच्या कर्जाचा आहे, तेव्हा पंधरा मिनिटं सांभाळून घ्या. आपण मिशिगनमध्ये राहतो. शेजारच्या डेट्रॉइटची १९५० साली लोकवस्ती साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ लाख ३९ हजारांवर आली. मध्ये २००९ साली क्रायस्लर आणि जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेल्या, आणि जुलै २०१३ मध्ये खुद्द शहरानेच दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज होतं सुमारे १८ अब्ज डॉलर. याला एकटा मोटारधंदा जबाबदार नाही. लोक उपनगरांत गेले, वंशभेदाने शहर दुभंगलं, कर भरणारे कमी झाले. पण एकाच धंद्यावर सगळी मदार होती, हे मोठं कारण होतंच.

मग असं गाव आधी ओळखता येतं का? अर्थशास्त्रात त्याची दोन सोपी मापं आहेत.

पहिलं हर्फिंडाल निर्देशांक. गावातल्या शंभर नोकऱ्या कुठल्या धंद्यात किती ते लिहायचं, प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा आणि बेरीज. समजा एका गावात मोटारीत ६० आणि बाकी चार धंद्यांत १०-१०. बेरीज येते ४०००. दुसऱ्या गावात पाचही धंद्यांत २०-२०. बेरीज २०००. आकडा जितका मोठा, तितकं गाव एकाच खांबावर उभं.

दुसरं माप लोकेशन कोशंट. गावातल्या एखाद्या धंद्याचा वाटा भागिले देशातला त्याच धंद्याचा वाटा. गावात शंभरात २० लोक मोटारीत आणि देशात २, तर उत्तर १०. म्हणजे हे गाव तो माल बाहेर विकतं आणि त्या पैशावर न्हावी, दंतवैद्य, हॉटेलवाले जगतात. अमेरिकेच्या कामगार खात्याकडे काउंटीनुसार हे आकडे फुकट मिळतात.

आता आमच्या कंप्युटरवाल्यांच्या शंका. पाच सर्व्हर घेतले पण पाचही एकाच वायरवर लावले, तर ते पाच आहेत असं म्हणता येईल का? सरकारी वर्गवारीत इंजिन, सीट, टायर आणि पोलाद वेगवेगळे धंदे. कागदावर विविधता दिसते, पण मोटारी खपल्या नाहीत की सगळे एकदम बसतात. म्हणून धंदे किती हे मोजून भागत नाही. मागच्या मंदीत कोण कोण एकत्र पडलं, तेही बघावं लागतं.

दुसरी गंमत ऐका. त्या पहिल्या गावात मोटारीतल्या ६० पैकी ५० नोकऱ्या गेल्या. उरले पाच धंदे, प्रत्येकी १०. निर्देशांक ४००० वरून थेट २०००! आकडा म्हणतो तब्येत सुधारली, आणि निम्मं गाव घरी बसलंय. म्हणून या आकड्याशेजारी एकूण नोकऱ्या, पगार आणि लोकवस्ती हे तिन्ही मांडल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

टिकाऊपणा म्हणजे पडल्यावर उठायची ताकद. पिट्सबर्ग बघा. १९८० च्या दशकात तिथलं पोलाद कोसळलं. लोकवस्ती १९५० च्या निम्म्याहून खाली आली. पण विद्यापीठं आणि इस्पितळं होती, त्यातून वैद्यकीय आणि संगणकाचं काम वाढलं. यूएस स्टील टॉवरवर आज इस्पितळांच्या संस्थेचं, यूपीएमसीचं नाव झळकतं. अर्थात आता त्या एका संस्थेवर किती भार टाकायचा, हा प्रश्न पिट्सबर्गकरांनी विचारायला हवाच.

आणि आपली मुंबई? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बंदर, बँका, व्यापार, सिनेमा यांच्या जोरावर मुंबई तरली. गिरणगावातली असंख्य घरं मात्र तरली नाहीत. शहराची सरासरी चांगली असली तरी गिरणीत यंत्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला उद्या बँकेत कोणी घेत नाही. शहराची विविधता आपोआप घरात येत नाही, ती आणावी लागते.

म्हणून हेच माप घरी लावून बघा. नवरा-बायको दोघं मोटार कंपन्यांच्या कामावर, निवृत्तीच्या पैशात त्याच कंपनीचे शेअर, आणि घर त्याच कंपनीच्या जवळच्या गावात. कंपनी बसली की पगार, शेअर आणि घराची किंमत एकाच महिन्यात खाली. व्हिसावर असलेल्यांना तर देश सोडायची वेळ. नोकरी लगेच बदलता येत नाही, पण शेअर विकता येतात, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवता येतो, दोघांपैकी एकाला वेगळ्या क्षेत्रातलं काही शिकता येतं.

आणि तुमचं शहर एखाद्या मोठ्या कंपनीला करात सूट देणार असेल, तर सभेला जाऊन एकच प्रश्न विचारा. ही कंपनी उद्या गेली तर शाळेचा खर्च कोण देणार? आपली मुलं त्याच शाळेत जातात, तेव्हा विचारायचा हक्क आपला आहेच.