हेडसेटमधली खरखर: एका न सापडणाऱ्या बगची गोष्ट

मी विरारचा. दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. आजचा बग मात्र विमानातला आहे.

माझी मामेबहीण पायलटचं ट्रेनिंग घेतेय, चार सीटच्या सेस्ना १७२ वर. एकदा तिने व्हॉट्सअॅपवर फ्लाइटमधलं रेकॉर्डिंग पाठवलं. लोकलच्या गर्दीत काही कळेना. रात्री घरी ऐकलं, तर टॉवरच्या आवाजावर सतत खर्रर्र! सोलो फ्लाइटमध्ये तिने एकच सूचना तीनदा विचारली होती. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती रडवेली. "दादा, माझे कानच खराब असतील का रे?" पायलटच्या मेडिकलमध्ये कानही तपासतात. म्हणजे प्रश्न करिअरचा होता.

आता थोडं समजून घेऊ. विमानं टॉवरशी साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात, तेही एफएमवर नाही, एएमवर. एएमचा फायदा असा की दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि टक्कर झाल्याचं कळतं. एफएमवर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. पण एएममध्ये कुठलीही ठिणगी, कुठलाही चार्जर थेट कानात खरखरतो.

मग संशयित कोण? एक, अल्टरनेटर. त्याची किणकिण इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते. दोन, मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी देणारं यंत्र. त्याची टकटकही वेगाबरोबर बदलते. तीन, स्ट्रोब लाइट. तो ठरावीक अंतराने टिक् करतो. चार, हेडसेटच्या जॅकचं अर्थिंग.

मी विचारलं, "अगं, क्लिपमध्ये थ्रॉटल कमी कधी केलास?" तिने वेळ सांगितली. खरखर जराही बदलली नव्हती! म्हणजे अल्टरनेटर आणि मॅग्नेटो सुटले. टिक् टिक् नव्हती, म्हणजे स्ट्रोबही सुटला.

मेकॅनिकने जमिनीवर तपासलं, सगळं ठीक. आपल्याकडे म्हणतात ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय"? अगदी तसंच! मग विचारलं, "लांबच्या फ्लाइटमध्ये वेगळं काय करतेस?"

"काही नाही रे... हां, टॅबलेट चार्जिंगला लावते. नकाशे त्यातच असतात."

सापडला! सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर. तो आतल्या आत सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा कचरा थेट विमानाच्या रेडिओ बँडपर्यंत पोचतो. टॉवर जवळ असताना सिग्नल जोरदार, म्हणून त्रास जाणवत नाही. लांब गेलं की सिग्नल कमजोर होतो आणि खरखर जिंकते.

मेकॅनिकने जमिनीवर चार्जर लावला. खरखर सुरू! रेडिओची अँटेना काढली, खरखर बंद. म्हणजे ती वायरमधून नाही, हवेतून अँटेनात येत होती. चार्जर कायमचा बाहेर. आता ती टॅबलेट घरूनच फुल चार्ज करून नेते.

विमानात स्वतः काही खोलायचं नाही, ते काम मेकॅनिकचंच. पण घरी करून बघा: जुन्या रेडिओवर मिडियम वेव्ह लावा आणि एकेक चार्जर जवळ न्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर चोर कधीच सापडत नाही.

पुढच्या सोलोनंतर तिचा मेसेज आला: "दादा, सगळं एकदाच ऐकलं. कान ठीक आहेत माझे."

भेटू पुढच्या भागात!