गर्भाशय हा रोग नव्हे



अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्त फार जाते; पण हे सांगावयाचे कोणाला, या संकोचात आमच्या भगिनी वर्षे काढतात. दुखणे असह्य झाले म्हणजे दवाखाना गाठतात आणि तेथे 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे पाहा. 2019 साली शासनाने केलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. फडात ना पाणी, ना आडोसा. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडून वर दंड. म्हणून पाळीच नको, असे कित्येकींना वाटू लागले. हे दुखणे शरीराचे किती आणि व्यवस्थेचे किती, याचा आपणच विचार करावा.

थोडे पांढरे जाणे स्वाभाविक आहे. दुर्गंधी वा खाज असेल तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो व औषधाने बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घेतलेच पाहिजे. रक्त फार जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 ग्रॅमच्या खाली म्हणजे पंडुरोग. पाळी कायमची थांबल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले तर मात्र तपासणीस विलंब लावू नका.

शस्त्रक्रियेपूर्वी विचारा: रोग कोणता? तपासणीचा कागद कोठे आहे? औषधाने भागणार नाही काय? दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो तुमचा हक्क आहे. तो बजावा.