मिरखेलचं क्रॉसिंग
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘कॉम्प्युटरवर बोलू नकोस, सगळ्यांच्या घरी एक तरी कॉम्प्युटरवाला आहे. तुझ्या त्या खेळण्यातल्या रेल्वेवर बोल.’ म्हणून आज खेळण्यातल्या रेल्वेवर बोलते. ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल डुलक्या घ्याव्यात. आठवीच्या दुपारच्या तासाला आपण तेच करायचो आणि सरांना ते माहीत होतं.

‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही आपली म्हण. मी मुंबई-पुण्याच्या लोकांसमोर ती म्हटली की ते हसतात. पण माझ्या छंदात ती म्हण अगदी बरोबर बसते. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींच्या बाबतीत जर्मनी खरंच जगात पुढे आहे. मेर्क्लिन ही तिथली कंपनी 1859 सालची. 1891 मध्ये तिनं खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापं बाजारात आणली, म्हणजे आज घेतलेला डबा उद्या घेतलेल्या रुळावर चालू लागला. हॅम्बुर्गला ‘मिनिआटुर वुंडरलांड’ नावाचं प्रदर्शन 2001 पासून आहे. तिथे पंधरा किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचे छोटे रूळ आहेत. आपल्याकडे फार लांब जायला नको. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना घेऊन जरूर जा. मुलांपेक्षा बापच जास्त वेळ रेंगाळतात, हे मी पाहिलं आहे.

जर्मनी झाली, आता परभणी. आपण पाचवी-सहावीत असताना आपल्या स्टेशनात मीटर गेजची गाडी यायची. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी ही लाइन निजामाच्या काळात, 1900 सालच्या आसपास टाकलेली. दोन रुळांत अंतर बरोबर एक मीटर. 1990 च्या दशकात ती बदलून ब्रॉड गेज झाली, म्हणजे 1676 मिलीमीटर. आपल्या डोळ्यांदेखत झाली. पण त्या जुन्या गाडीचा फोटो आपल्यापैकी किती जणांकडे आहे? माझ्याकडे एकही नाही. कॅमेऱ्यातला रोल 36 फोटोंचा असायचा आणि तो लग्न-मुंजीसाठी राखून ठेवलेला असायचा. रोजच्या गाडीचा फोटो कोण काढणार?

माझा मामा पूर्णेला राहायचा. दर दिवाळीला आम्ही परभणीहून पॅसेंजरनं निघायचो. आधी पिंगळी, मग मिरखेल, मग पूर्णा. लाइन एकेरी, त्यामुळे समोरून गाडी येणार असेल तर आमची गाडी मिरखेलला बाजूच्या रुळावर थांबायची. क्रॉसिंग! किती वेळ थांबणार ते कुणालाच माहीत नसायचं. मी खिडकीतून बघत बसायची. समोरची गाडी आली की ड्रायव्हर एक मोठी वेताची कडी खाली द्यायचा. त्या कडीला चामड्याची पिशवी असायची आणि पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा ज्याच्या हातात, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत रुळावर जाणार. दुसरी गाडी जाऊच शकत नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर शिकवलं, की दोन प्रोग्रॅमना एकाच वेळी एका जागेत शिरू द्यायचं नसेल तर काय करावं. 1960 च्या दशकात डायक्स्ट्रा नावाच्या डच शास्त्रज्ञानं त्यावर काढलेल्या युक्तीचं नावच ‘सेमाफोर’ आहे, म्हणजे रेल्वेचा सिग्नल. सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि मला मिरखेलचा प्लॅटफॉर्म दिसत होता.

म्हणून पाच वर्षांपूर्वी मी ठरवलं, मिरखेल करायचं. परभणी जंक्शन करायची हिंमत नव्हती. प्रमाण एकास सत्याऐंशी घेतलं. जगभरचे बहुतेक छंदिष्ट हेच प्रमाण घेतात. मीटर गेजला 87 नं भागलं की साडेअकरा मिलीमीटर येतात आणि बाजारात बारा मिलीमीटरचे रूळ मिळतात. देवच पावला म्हणायचा! ब्रॉड गेजवाल्यांचं तसं नाही. त्यांना सव्वाएकोणीस मिलीमीटर हवेत, मिळतात साडेसोळा, कारण ते युरोप-अमेरिकेच्या गेजचं माप. आपल्याकडचे बहुतेक जण तेच चालवून घेतात आणि फोटोत डबे रुळांवर जरा जास्तच बाहेर आलेले दिसतात.

पण बाकी हिशेब मला पावला नाही. माझं टेबल आठ फूट लांब. म्हणजे खऱ्या जगातले जेमतेम 212 मीटर. दोन अंशांचं साधं वळण घ्यायचं तर खरी त्रिज्या 875 मीटर, माझ्या घरात दहा मीटर. एवढी माझी बैठकीची खोलीही नाही. म्हणून सगळं आखडून घेतलं. दहा डब्यांच्या गाडीचे चार डबे केले. वेगही 87 नं भागावा लागतो. साठच्या वेगानं धावणारी गाडी माझ्या टेबलावर सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर सरकते. पाहुण्यांची मुलं म्हणतात, ‘काकू, फास्ट करा ना!’ मी करत नाही.

माती मात्र खरी आहे. घरामागच्या शेतातली काळी माती डब्यात भरून नेली, चाळली, डिंकाच्या पाण्यात बसवली. वाळल्यावर तिला भेगा पडल्या, अगदी मे महिन्यातल्यासारख्या. मी काही केलं नाही, तिनं आपला स्वभाव दाखवला. रुळांखालच्या खडीसाठी आधी रवा वापरला होता. दोन दिवसांत मुंग्या आल्या. चार मिलीमीटरची मुंगी सत्याऐंशी पटीत सशाएवढी होते. फोटोत मिरखेल स्टेशनावर काळे ससे फिरताना दिसत होते. मग बारीक कच आणली.

आता फोटोंचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. हा छंद एकट्यानं करायचा असतो, पण एकट्यानं पुरा होत नाही. पुणे, नाशिक, बंगळूर अशा ठिकाणचे आम्ही आठ-दहा जण आहोत. दर रविवारी एकमेकांना आपल्या कामाचे फोटो पाठवतो. फोटो काढायचं एक साधं गणित आहे. सत्याऐंशी पटीनं लहान माणसाचे डोळे प्लॅटफॉर्मपासून पावणेदोन सेंटिमीटरवर येतात. कॅमेरा तिथे पाहिजे, तरच स्टेशन स्टेशनासारखं दिसतं, नाहीतर विमानातून काढल्यासारखं दिसतं. म्हणून मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे भिंग खाली येतं. दिवा एकच लावायचा, कारण सूर्य एकच आहे. दोन दिवे लावले की खांबाला दोन सावल्या पडतात आणि सगळं पितळ उघडं पडतं. आणि आधी ब्रशनं धूळ झाडायची. डोळ्यांना न दिसणारा कण फोटोत धोंड्यासारखा दिसतो.

आमच्यात एक नियम आहे. एक फोटो चांगल्या बाजूनं, एक मागच्या बाजूनं. मागे वायरींचं जाळं, चिकटपट्टी, फसलेली डागडुजी असते. चांगल्या फोटोला सगळे ‘वा वा’ म्हणतात. मदत मात्र मागचा फोटो बघूनच करता येते. ‘तुमची ही वायर सैल आहे, म्हणून इंजिन तिथे अडखळतं,’ असं मला नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांनी फोटो बघून सांगितलं. मी तीन आठवडे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते.

दोन वर्षांपूर्वी मिरखेल पुरं झालं असं मला वाटलं. स्टेशनची खोली, सिग्नल, पाण्याची टाकी, कडुनिंब, प्लॅटफॉर्मवर कडी घेऊन उभा असलेला माणूस, पुठ्ठ्याचं आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं वायपी जातीचं काळं इंजिन. चांगल्या बाजूनं फोटो काढला आणि या वेळी तो आपल्या शाळेच्या मित्रमंडळींनाही पाठवला. तुम्हा सगळ्यांची कौतुकं आली. रात्री अकराला आपल्यातल्याच एकाचा निरोप आला. तो असा: ‘फोटो लई भारी. पण यात माझा बाप कुठंय?’

तो समोर बसला आहे. नाव घेऊ नकोस म्हणालाय, म्हणून घेत नाही. तुम्ही ओळखालच. त्याचे वडील मिरखेलला गँगमध्ये होते, पुढे कीमॅन झाले. तो रोज पॅसेंजरनं शाळेत यायचा. क्रॉसिंगला गाडी अडकली की त्याला उशीर व्हायचा आणि तो वर्गाबाहेर उभा राहायचा. आपण त्याला ‘मिरखेल एक्स्प्रेस’ म्हणायचो. सगळ्यात आधी ते नाव कुणी ठेवलं हे आज कुणाला आठवत नसेल. मला आठवतं. मी ठेवलं होतं.

ज्या क्रॉसिंगची मी हौसेनं प्रतिकृती केली, त्याच क्रॉसिंगपायी तो पहिल्या तासाचं गणित दाराबाहेरून ऐकायचा. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला मिरखेल गाडीच्या खिडकीतून माहीत होतं. खिडकीतून स्टेशन दिसतं. रूळ गाडीखाली असतात, त्यामुळे रुळावर काम करणारा माणूस दिसत नाही.

मी त्याला फोन केला. आम्ही तासभर बोललो. शाळेत असताना दहा वर्षांत एवढं बोललो नव्हतो. त्यानं सांगितलं, की कीमॅन रोज पहाटे आपली हद्द पायी चालतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि रुळावर ठेवायचे फटाके. पुढे धोका असेल तर ते फटाके रुळावर बांधायचे, इंजिनाच्या चाकाखाली वाजले की ड्रायव्हर थांबतो. सुटलेली चावी ठोकून बसवायची, सैल बोल्ट आवळायचा. पावसाळ्यात रात्रीची गस्त, कंदील घेऊन. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव त्याच्या वडिलांना आपल्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत होता. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचे रूळ हलतात. मग गँगनं ते पुन्हा पातळीत आणायचे. मी शेतातली माती नेऊन भेगांचं कौतुक करत होते. त्याच्या वडिलांचा त्या भेगांशी रोजचा झगडा होता.

मी तांब्याची तार वाकवली, एम-सील लावलं, एकोणीस मिलीमीटरचा माणूस केला. पांढरा पटका, खाकी सदरा, खांद्यावर हातोडा. फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘हातोडा डाव्या खांद्यावर. बाबा डावरे होते.’ पुन्हा केला. या वेळी बराच वेळ उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, ‘आईला दाखवला. ती म्हणाली, एवढ्या सकाळी स्वेटर घातल्याशिवाय त्यांना मी जाऊ देत नसे.’ म्हणून आता सदऱ्यावर मेंदी रंगाचा स्वेटर आहे. त्या माउलीनं रंग सांगितला.

त्याच्याकडेही वडिलांचा कामावरचा फोटो नाही. एकही नाही. आम्ही पाठवलेला हा एकोणीस मिलीमीटरच्या माणसाचा फोटो त्यानं घरात लावला आहे. हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मित्रा, त्या नावाबद्दल मी तुझी फोनवर माफी मागितली होती. तू हसून ‘सोड गं’ म्हणालास. पण नाव मी सगळ्यांसमोर ठेवलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते.

आता सगळ्यांकडे एक मागणं आहे. घरी गेल्यावर जुने अल्बम काढा. चांगला फोटो शोधू नका. ज्या फोटोत मागे चुकून काही आलं आहे, तो शोधा. मामाला निरोप द्यायला गेलेल्या फोटोत मागे डबा असेल, ऊरुसाच्या गर्दीत मागे दुकानाची पाटी असेल. फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ त्याचा फोटो घ्या. चकाकी आली तर थोडं बाजूला व्हा. मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीनं साल, जागा आणि माणसांची नावं लिहा. आणि घरात रेल्वेत, गिरणीत, मार्केट यार्डात, कृषी विद्यापीठाच्या शेतावर काम केलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना तो दाखवा आणि विचारा, ‘यात काय चुकलंय? यात कोण नाही?’ ते सांगतील ते लिहून घ्या. आमच्यापैकी कुणाच्या आठवणीवर विसंबू नका. माझी किती चुकली ते तुम्ही ऐकलंच.

मिरखेल मी गाडीत घालून आणलं आहे. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मांडलंय. जेवणानंतर गाडी चालवून दाखवेन. सर, बाई, तुम्ही आधी या. पुढून बघून झालं की मागूनही बघा, वायरी दिसतील. आणि सिग्नलच्या पलीकडे, रुळाच्या डाव्या अंगाला, मेंदी स्वेटर घातलेला एक माणूस चालतोय. त्याला धक्का लावू नका. त्याची ड्युटी चालू आहे.