खाडा आणि बाळंतपण

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



‘बाया तपासणीला येतच नाहीत’ ही तक्रार कुठल्याही आरोग्य केंद्रात हमखास ऐकू येते. बाई अडाणी, बेफिकीर, असा तिचा अर्थ. ऊसतोडणी करणाऱ्या बायांमध्ये काम करताना मला मात्र दिसतं ते असं, की बाई दवाखाना शोधत असते. तिथवर पोचायची किंमत तिला परवडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागं राहिली तर उरतो अर्धा कोयता, आणि मुकादमाची उचलही तेवढीच कमी. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यातली बाईसुद्धा गाडीत बसते. फडात ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि पहाटे उठून कोपीवरचा स्वयंपाकही करते.

तिचं नाव नोंदलेलं असतं गावाकडं. ओळखीची आशा, नर्सबाई, अंगणवाडीताई सगळ्या तिथं. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हाव्यात असं सरकारच सांगतं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याचं अभियान २०१६ साली सुरू झालं. योजना चांगली आहे. पण त्या दिवशी फडात गेलं नाही तर खाडा पडतो. मजुरी बुडते, वर दंड उचलीत चढतो. परक्या मुलखात एकटी जायची सोय नाही, म्हणून नवरा बरोबर गेला तर खाडा दोघांचा.

आठव्या महिन्यातल्या एका बाईनं हा हिशेब माझ्यापुढं बोटांवर मांडला होता. पायांना सूज होती, डोकं ठणकत होतं. टोळीतल्या जाणत्या बाईला तिनं विचारलं होतं, आईला फोन केला होता, अंधार पडल्यावर बाजारच्या गावी खासगी डॉक्टरकडे सुईही घेऊन आली होती. रक्तदाब कुणी मोजलाच नव्हता. शेवटी ती सरकारी दवाखान्यात पोचली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘कार्ड कुठाय? इतके दिवस काय करत होतीस?’ ती गप्प राहिली. आता सांगा, या बाईनं उपचार शोधले नाहीत असं म्हणायचं का?

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालचा. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याचं वाहन हे सगळं मोफत आहे. बाई कुठल्या जिल्ह्यातली हा प्रश्नच इथं येत नाही. २०१७ साली कायद्यानं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची केली. कोयत्याला त्यातला एक दिवसही मिळत नाही, कारण व्यवहार मुकादमाशी होतो आणि कारखान्याच्या हजेरीपटावर बाईचं नावच नसतं. साखर मात्र तिच्या घामातूनच निघते.

म्हणून आपल्या गटांनी दोन पातळ्यांवर काम धरावं. टोळ्या निघण्याआधी गावोगावी बैठका घ्या. गरोदर बायांची यादी करा, माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या पिशवीत आहे ना ते पाहा, सूज, डोकेदुखी, अंगावरून जाणं ही धोक्याची लक्षणं नवऱ्यांनाही समजावून सांगा. ती यादी कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राला आणि तिथल्या महिला गटाला लेखी कळवा.

दुसरी पातळी अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये आणि त्या दिवसाची मजुरी कारखान्यानं द्यावी, ही मागणी आपण उचल ठरण्याच्या वेळीच मांडली पाहिजे. गाड्या निघाल्यावर ती ऐकायला कुणी थांबत नाही.