आठव्या महिन्यात दवाखाना बदलला
बायांनो, माझ्या सुनेला जुळं होतं. आठवा लागला तशी आशाताई म्हणाली, "जिल्ह्याच्या दवाखान्यात नाव घाला." मी म्हटलं, आता शेवटाला कशाला? इथली डॉक्टरीण चांगली, ओळखीची. शेवटी तिलाच विचारलं. ती सरळ बोलली, "जुळी बहुतेकदा ३७ आठवड्यांच्या आतच येतात. माझ्याकडे काचपेटी नाही, रात्री रक्त मिळत नाही." तिच्याकडे फाईल मागायला लाज वाटली, खोटं कशाला बोलू! तिनं स्वतःच चिठ्ठी लिहून दिली. गटातून दोन हजार उचलले. १०२ ची गाडी फुकट, पण सोबतच्या माणसाला खायला लागतंच की.

पस्तिसाव्या आठवड्यात मध्यरात्री कळा आल्या. तिथं कागद आधीच तयार होते. धाकटी पावणेदोन किलोची, अकरा दिवस काचेत होती. आता दोघी अंगणातली माती खातात.